गाडीत पाणी येते कुठून? गळती शोधण्याची आणि बंद करण्याची रीत

जून सरता सरता एखाद्या सकाळी गाडीचे दार उघडावे तो ओल्या गोणपाटासारखा कुबट वास यावा, काचा आतून धुरकटलेल्या असाव्यात आणि पायाखालची मॅट उचलल्यावर कार्पेट हाताला गच्च ओले लागावे, हा अनुभव कोकणात, मुंबईत किंवा घाटमाथ्यावर गाडी उघड्यावर उभी करणाऱ्या पुष्कळांना येतो. अशा वेळी सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे हार्डवेअरच्या दुकानातून सिलिकॉनची ट्यूब आणून शंका येईल त्या फटीत ती पिळणे. एका पावसाळ्यात मीही तेच केले. चालकाच्या पायाशी ओल होती म्हणून आधी त्या दाराचे रबर बदलले, मग पुढच्या काचेच्या कडेने सिलिकॉन भरले, आणि पाणी येतच राहिले. कारण ते दारातून किंवा काचेतून येतच नव्हते. वायपरखालच्या पन्हळीत पिंपळाची पाने कुजून निचऱ्याचे भोक बुजले होते आणि तुंबलेले पाणी वायरिंगच्या रबरी बुचाच्या कडेने आत उतरत होते. दुरुस्तीला लागला तो अर्धा तास. शोधायला मात्र दीड महिना गेला.

पाणी पत्र्याच्या आतल्या बाजूने, वायरींच्या जुडग्यावरून, कार्पेटखालच्या फोममधून वाहत वाहत सर्वांत खोल जागी साठते, त्यामुळे जिथे ओल दिसते तिथेच भोक असेल असे मुळीच नाही. म्हणून या कामात नवख्या माणसाने एकच पथ्य पाळावे: पाणी आत येताना प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिल्याखेरीज काहीही बुजवू नये.

पाणी कोणते, हे आधी ठरवावे

गाडीत सापडणारे पाणी तीन ठिकाणचे असू शकते: पावसाचे किंवा धुण्याचे, एसीचे, किंवा इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटचे. पांढऱ्या टिश्यू पेपरने थोडे टिपून पाहावे. हिरवट, गुलाबी किंवा निळसर रंग, बोटांना लागणारा चिकटपणा आणि किंचित गोडसर वास यांपैकी काही आढळले, तर ते कूलंट आहे असे समजावे. डॅशबोर्डच्या आत असलेल्या हीटरच्या छोट्या रेडिएटरमधून किंवा त्याच्या नळ्यांच्या जोडांतून ते गळते, पुढच्या काचेवर आतून तेलकट थर धरते आणि बॉनेटखालच्या कूलंटच्या डब्यातील पातळी हळूहळू खाली जाते. हे काम मेकॅनिककडेच द्यावे, कारण कूलंट संपत गेले तर इंजिन तापून मोठा खर्च उभा राहतो. कूलंटमधील ग्लायकॉल विषारी असते आणि त्याच्या गोड चवीमुळे कुत्री-मांजरे ते चाटतात, म्हणून सांडलेले लगेच पुसून घ्यावे. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये.

पाणी स्वच्छ आणि बिनवासाचे असेल, तर ते पावसाचे की एसीचे एवढाच प्रश्न उरतो. भर मे महिन्यात, आभाळात ढग नसताना, डावीकडे पुढे बसणाऱ्याच्या पायाशी ओल आली तर ती जवळजवळ निश्चितपणे एसीची असते. एसीच्या कूलिंग कॉइलवर हवेतील बाष्पाचे पाणी होते. दमट हवेत तासाभरात लिटरभर पाणीही जमू शकते, आणि ते एका रबरी नळीवाटे गाडीखाली पडावे अशी योजना असते. पंधरा-वीस मिनिटे एसी चालवून गाडी सपाट जागी उभी करावी आणि खाली वाकून पाहावे. दमट दिवस असूनही खाली थेंब पडत नसेल, तर नळी चोंदली आहे किंवा कॉइलच्या पेटीपासून निसटली आहे. हे नळीचे टोक बहुधा इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून, डाव्या बाजूला, बाहेर आलेले दिसते. खालून मऊ नायलॉनची तार हलक्या हाताने फिरवली की मातीचा किंवा बुरशीचा बोळा निघतो आणि पाठोपाठ साचलेले पाणी भसकन येते, त्यामुळे चेहरा नळीच्या थेट खाली ठेवू नये. कॉम्प्रेसरची जोरदार हवा मारणे टाळावे. आतला जोड सुटला तर दहा मिनिटांच्या कामासाठी डॅशबोर्ड खोलण्याची पाळी येते. ही नळी उंदीरही कुरतडतात, म्हणून ती अखंड आहे ना हेही पाहून घ्यावे.

ओल केव्हा येते, याची नोंद

पावसाचे पाणी असल्याची खात्री पटली की हातात पाना घेण्यापूर्वी चार-आठ दिवस वही घ्यावी. उभ्या गाडीत ओल येते की चालत्या? फक्त धुतल्यावर येते का? गाडी उतारावर नाक खाली करून उभी होती की वर करून? चालत्या गाडीत, विशेषतः रस्त्यावर साचलेल्या पाण्यातून गेल्यावरच ओल येत असेल, तर तळपत्र्यातील रबरी बुचे किंवा चाकाच्या कमानीतील जोड संशयित ठरतात. उभ्या गाडीतच येत असेल तर छत, काचा, वायपरखालची पन्हळ, सनरूफ आणि दारे यांच्याकडे पाहावे. मागच्या काचेवर पाणी मारणारा वॉशर वापरल्यावरच मागचे छताचे कापड ओले होत असेल, तर डिकीच्या बिजागरीपाशी त्याची बारीक नळी फाटलेली असते आणि पावसाचा त्याच्याशी काहीही संबंध नसतो.

गाडीचा तळ उघडा करणे

आता खरे काम सुरू होते, आणि त्यासाठी कोरडा दिवस आणि एक मदतनीस लागतो. मॅट काढून दारांच्या उंबऱ्यावरील प्लॅस्टिकच्या पट्ट्या क्लिपांमधून हळूच उचलाव्यात. स्क्रू-ड्रायव्हरने प्लॅस्टिकवर ओरखडे उठतात आणि क्लिपा तुटतात, म्हणून नायलॉनचे चपटे हत्यार वापरावे. कार्पेटची कडा मोकळी झाली की ती वर दुमडून खालच्या फोमवर तळहात दाबावा. वरून कोरडे वाटणारे कार्पेट फसवते, कारण त्याखालचा फोम कित्येक लिटर पाणी धरून बसू शकतो.

पुढची सीट काढावी लागली तर आधी इग्निशन बंद करून बॅटरीची ऋण बाजूची, म्हणजे काळी, तार बहुतेक गाड्यांत लागणाऱ्या दहा नंबरच्या पान्याने सोडवावी आणि दहा मिनिटे थांबावे. सीटखालच्या पिवळ्या जोडण्या एअरबॅगच्या असतात. त्या सुटलेल्या असताना बॅटरी जोडून इग्निशन चालू केले तर एअरबॅगचा दिवा पेटतो आणि तो घालवायला स्कॅनर लागतो. पडदा-एअरबॅग, म्हणजे बाजूच्या काचांवर पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग, असलेल्या गाड्यांत पुढच्या काचेलगतच्या खांबांवरची प्लॅस्टिके स्वतः ओढून काढू नयेत. विजेवर चालणाऱ्या किंवा हायब्रिड गाडीत नारिंगी आवरणाच्या तारा उच्च दाबाच्या असतात. त्यांच्याजवळ ओल दिसली तर तिथेच थांबून कंपनीच्या प्रशिक्षित माणसाला बोलवावे.

जुनी विकत घेतलेली गाडी असेल तर या टप्प्यावर आणखी एक गोष्ट डोळसपणे पाहावी. कार्पेटखाली, सीटच्या रुळांत आणि वायरींच्या जुडग्यांवर सगळीकडे सारख्या उंचीपर्यंत बारीक गाळ बसलेला दिसला, तर तुम्ही शोधत आहात ती गळती नव्हे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा, किंवा जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडाले तेव्हा, असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या, आणि पुरात सापडलेल्या गाड्या वरवर स्वच्छ करून विकण्याचे प्रकार होतात. अशा गाडीत भोक शोधण्यापेक्षा वायरिंग तपासून घेणे अधिक निकडीचे असते.

पाण्याची चाचणी

तळ पूर्ण पुसून उघड्या पत्र्यावर वर्तमानपत्राचे कागद अंथरावेत. त्यांवर पहिला थेंब पडला की डाग लगेच दिसतो. मदतनीसाने टॉर्च घेऊन आत बसावे आणि दुसऱ्याने बाहेरून बागेच्या पाइपने, नोझल न लावता, हलकी धार सोडावी. गाड्या धुण्याच्या केंद्रावरील जोरदार दाबाचा पंप या कामाला निरुपयोगी असतो, कारण तो चांगल्या रबरातूनही पाणी घुसवतो आणि नसलेली गळती दाखवतो.

धार नेहमी खालून वर न्यावी. आधी उंबरा, मग दाराचा खालचा भाग, मग काचेची खालची कडा, मग वायपरखालची जाळी, पुढच्या काचेच्या बाजू आणि सर्वांत शेवटी छत, असा क्रम ठेवावा आणि प्रत्येक जागी निदान पाच मिनिटे द्यावीत. सुरुवातच छतापासून केली तर पाणी ओघळून सगळ्या जागा एकाच वेळी भिजतात, आणि आत थेंब आला तरी तो कोणत्या वाटेने आला हे सांगता येत नाही. उतावीळ माणसाची चाचणी इथेच फसते.

धारेला दाद न देणारी बारीक गळती असेल तर साबणाचा फेस कामी येतो. काचा व दारे बंद करून, बाहेरची हवा आत घेण्याचे बटण निवडून ब्लोअर पूर्ण वेगाने चालू ठेवावा, म्हणजे आतला दाब थोडा वाढतो. मग बाहेरून काचेच्या आणि रबरांच्या कडेने साबणाचे पाणी ब्रशने लावत जावे. फट असेल तिथे बुडबुडे उठतात. दाराच्या रबरासाठी याहूनही सोपी युक्ती आहे. कागदाची पट्टी दारात धरून दार लावावे आणि पट्टी ओढून पाहावी. ती सहज सुटली तर त्या जागी रबर पत्र्याला टेकत नाही. शिवाय रबराला टाल्कम पावडर लावून पाणी सोडले की ओघळाची वाट पावडरीत उमटते. रांगोळी मात्र वापरू नये, ती खरखरीत असते आणि रंगावर ओरखडे पाडते.

वायपरखालची पन्हळ

आपल्याकडे गाड्या झाडाखाली उभ्या असतात, आणि सावली देणारे झाड पाने, फुले व शेंगाही देते. गुलमोहराच्या बारीक पर्णिका तर जाळीतून अलगद आत जातात. बॉनेट उघडून वायपरच्या मुळाशी असलेल्या प्लॅस्टिकच्या जाळीखाली टॉर्च मारावा. काळा चिखल दिसला तर वायपरचे हात काढावे लागतील. त्यापूर्वी काचेवर चिकटपट्टी लावून पात्यांची जागा खुणावून ठेवावी आणि काचेवर जाड टॉवेल पसरावा, कारण स्प्रिंगचा हात सुटून आदळला तर काच तडकते. जाळी निघाली की कचरा हाताने उचलावा. पाइपने ढकलला तर तो निचऱ्याच्या भोकात जाऊन घट्ट बसतो. मग दोन्ही टोकांना तांब्याभर पाणी ओतावे आणि ते पुढच्या चाकांच्या मागून खाली पडते का ते पाहावे.

इथे एक बारकावा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. ब्लोअर बाहेरची हवा याच पन्हळीतून घेतो. पाणी तुंबून त्या तोंडाच्या काठापर्यंत चढले की ते ब्लोअरवाटे थेट डावीकडच्या पायाशी येते, म्हणजे नेमके तिथेच, जिथे एसीची गळती दिसते. मग नळी पुन्हा पुन्हा साफ करूनही फरक पडत नाही. ग्लव्ह बॉक्समागचा केबिन फिल्टर काढून पाहिला की बहुधा उलगडा होतो: एसीचे पाणी फिल्टरनंतरच्या भागात तयार होते, तर पन्हळीतून आलेले पाणी फिल्टर भिजवते आणि त्याच्यावर पानांचा चुरा सोडते.

दाराच्या आतला प्लॅस्टिकचा कागद

दाराच्या आत पाणी जाणे हा दोष नाही, ती रचनाच आहे. काच खाली सरकते त्या फटीवरचे रबर पाणी अडवते ते अर्धेमुर्धेच. उरलेले पाणी दाराच्या पोकळीत उतरते आणि तळाच्या भोकांवाटे रस्त्यावर पडते. ते केबिनमध्ये येऊ नये म्हणून दाराच्या आतल्या पॅडमागे प्लॅस्टिकचा किंवा फोमचा कागद काळ्या चिकट ब्युटाइलने चिकटवलेला असतो. पॉवर विंडो दुरुस्त करताना किंवा नवे स्पीकर बसवताना हा कागद फाडला जातो आणि पुष्कळदा पुन्हा नीट चिकटवला जात नाही, कारण पॅड बसले की आतले काही दिसत नाही. दुरुस्तीनंतरच्या पहिल्याच पावसात ओल आली असेल तर दुसरीकडे कुठे पाहण्याआधी हे पॅड उघडावे.

कागद फाटका असेल तर जुन्याचा साचा धरून जाड प्लॅस्टिकचा नवा कापावा, जुने ब्युटाइल केस वाळवण्याच्या यंत्राने ऊन करून सोलून काढावे, पत्रा स्पिरिटने पुसावा आणि नवी ब्युटाइल टेप अखंड लावून कागद अंगठ्याने दाबत बसवावा. त्याची खालची कडा दाराच्या पोकळीच्या आत वळलेली असली पाहिजे. ती बाहेर राहिली तर सगळी मेहनत वाया जाते, कारण ओघळ त्याच कडेवरून आत येतो. पॅड लावण्यापूर्वी काचेवर बाहेरून पाणी ओतून कागदाची आतली बाजू कोरडी राहते का ते पाहावे.

ब्रेक लावल्यावर दारात पाणी डचमळल्याचा आवाज येत असेल तर तळाची भोके चोंदली आहेत. प्लॅस्टिकच्या काडीने ती मोकळी करावीत. गंजरोधक काळा थर मारून घेतल्यावर हा त्रास सुरू झाला असेल, तर तो थर या भोकांवरही बसलेला असण्याची दाट शक्यता असते.

सनरूफ, डिकी आणि पाडलेली भोके

सनरूफचे रबर पाणी पूर्ण अडवत नाही, तसे ते अपेक्षितही नाही; आत आलेले पाणी चौकटीभोवतीच्या पन्हळीत पडते आणि बहुधा चारही कोपऱ्यांतील नळ्यांवाटे खांबांतून खाली जाते. प्रत्येक कोपऱ्यात अर्धा कप पाणी हळूहळू ओतावे. ते गाडीखाली आले नाही, तर त्या बाजूची नळी चोंदली आहे. कडक तार घालू नये, नळी खांबाच्या आत फाटते आणि मग छताचे कापड उतरवावे लागते.

डिकीतील पाणी स्टेपनीच्या खड्ड्यात जमते. खड्ड्याच्या तळाचे बूच काढून ठेवणे हा उपाय नव्हे, त्या वाटेने रस्त्यावरचे पाणी वर येते. मागची सीट पाडून, आतले अस्तर काढून मदतनीसाने तिथून टॉर्च मारावा आणि बाहेरून धार सोडावी. डिकीत माणूस बसवून मागची सीट बंद ठेवू नये. मागच्या दिव्यांची गॅस्केट, डिकीचे रबर, स्पॉयलरचे बोल्ट आणि बंपरमागे लपलेल्या हवा बाहेर सोडणाऱ्या झडपा ही नेहमीची ठिकाणे. दिव्याची गॅस्केट दबून चपटी झाली असेल तर नवी आणावी किंवा दिव्यामागे ब्युटाइलचा वेढा द्यावा.

बाहेरून सीएनजी किट बसवून घेतलेल्या गाड्यांत टाकीचे बोल्ट आणि नळी यांसाठी तळपत्र्याला भोके पाडलेली असतात. जास्तीचा हॉर्न, फॉग लॅम्प किंवा छतावरचा कॅरिअर यांचेही तसेच. रिकाम्या भोकाला योग्य मापाचे रबरी बूच बसवावे आणि कडेचा उघडा पत्रा प्रायमरने झाकावा, नाहीतर गळती थांबते आणि गंज सुरू होतो. सीएनजीच्या नळीला किंवा टाकीच्या बोल्टांना मात्र हात न लावता ते काम अधिकृत केंद्रातच करून घ्यावे.

पुढची काच गळत असेल तर ती घरी दुरुस्त करू नये. ती पॉलियुरेथेनने चिकटवलेली असते आणि अपघातात छताला व एअरबॅगला आधार देण्याच्या कामी येते. वरून भरलेले सिलिकॉन पुढे काच नीट बसवणाऱ्याच्या कामात अडथळा ठरते. काच काढल्यावर चौकटीला गंज आढळला तर तो साफ करून प्रायमर लावल्याशिवाय नवी काच बसवू देऊ नये, आणि चिकटवण सुकेपर्यंत सांगितलेले तास गाडी हलवू नये.

काय भरावे, काय भरू नये

पत्र्याच्या जोडांसाठी सीम सीलर, दिवे व दाराच्या कागदासाठी ब्युटाइल, आणि भोकांसाठी रबरी बुचे, एवढ्यावर बहुतेक कामे भागतात. व्हिनेगरसारखा वास येणारे घरगुती सिलिकॉन टाळावे. ते सुकताना सुटणारे ॲसिटिक आम्ल उघड्या पत्र्याला गंजवते आणि त्यावर पुढे रंगही धरत नाही. नळाचे पाइप बुजवण्याची इपॉक्सी पुटी कडक होते, गाडीचा पत्रा मात्र चालताना सतत किंचित पिळवटतो, त्यामुळे ती काही महिन्यांत तडकते. रबरांना डिझेल किंवा इंजिन ऑइल चोळण्याची सवय अनेकांना असते. त्याने रबर फुगून लवकर मरते. साध्या पाण्याने पुसून सिलिकॉनचा स्प्रे कापडावर घेऊन लावणे पुरेसे असते.

वाळवण

गळती बंद झाली तरी फोममध्ये मुरलेले पाणी आपोआप जात नाही. टॉवेल दाबून किंवा ओले ओढणाऱ्या व्हॅक्यूमने जमेल तेवढे काढावे, कार्पेटखाली विटकरीचे तुकडे किंवा लाकडी ठोकळे सारून हवेला वाट करावी आणि दोन-तीन दिवस टेबल फॅन लावून ठेवावा. ऊन पडले तर चारही दारे उघडावीत. फोम सुटा निघत असेल तर तो घरात पंख्याखाली उभा करणे सर्वांत उत्तम. गाडी चालवताना एसी लावून हवा बाहेरची घ्यावी. आतलीच हवा फिरवत राहिले तर बाष्प आतच राहते. कापूर किंवा डांबराच्या गोळ्या ठेवल्याने वास झाकला जातो, ओल जात नाही.

फोम वाळेपर्यंत पत्र्यावरचा गंज तारेच्या ब्रशने घासून प्रायमर व रंग लावून घ्यावा, जोडण्यांवर हिरवट थर आला असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारावा. कार्पेट लगेच अंथरू नये. उघड्या पत्र्यावर पुन्हा कोरडे वर्तमानपत्र पसरून तीच पाइपची चाचणी त्याच क्रमाने करावी, मग गाडी एक रात्रभर पावसात, आणि शक्य असल्यास पूर्वी ओल येत होती त्याच उतारावर, उभी ठेवावी. सकाळी कागद कोरडे निघाले की कार्पेट, सीट आणि सगळ्यात शेवटी बॅटरीची काळी तार या क्रमाने गाडी जुळवावी.